मध्य ऑस्ट्रेलियाचं वाळवंट, तिथल्या आदिवासींची गाणी आणि आपली कविता

माळरान
नमस्कार मंडळी,
मी अ‍ॅडलेडला राहते. इथून उत्तरेला अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, फिंक नदी, उलुरुचा प्रचंड खडक हा भाग पाहिल्यापासून त्या वाळवंटावर मराठीत कविता लिहिते आहे. लाल माती, स्पिनिफेक्सच्या काटेरी गवताचे झुबके, कोरड्या नदीत उभी असलेली पांढऱ्या खोडांची झाडं, एवढं डोळ्यांनी दिसतं आणि लिहिताही येतं. अडते ती पुढे.
तिथल्या प्रत्येक खडकाला आणि पाणवठ्याला आधीच गोष्ट आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्जभोवतीच्या डोंगररांगा आणि खिंडी सुरवंट-पूर्वजांनी घडवल्या, असं तिथले आदिवासी, अरंडा लोक, सांगतात. हे एकदा कानावर पडलं की तो डोंगर नुसता डोंगर म्हणून दिसेनासा होतो. मग ती गोष्ट कवितेत घ्यावी का? नाही घेतली तर त्या जागेबद्दल अर्धवट लिहिल्यासारखं वाटतं. घेतली तर दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून शिरल्यासारखं.
माझा कल न घेण्याकडे आहे. पण याआधी ज्यांनी या वाळवंटावर लिहिलं त्यांनी काय केलं, आणि तिथले लोक स्वतः काय लिहितात, हे जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे. सविस्तर लिहा.

फडताळ
चांगला विषय. तुमच्याच गावात या प्रश्नावर एक अख्खी चळवळ उभी राहिली होती. रेक्स इंगामेल्स हा अ‍ॅडलेडचा कवी. १९३८ मध्ये त्याने ‘कंडिशनल कल्चर’ नावाचं पत्रक काढलं आणि जिंडीवोरोबाक हा कवींचा गट जमवला. त्याचं म्हणणं असं, की ऑस्ट्रेलियात राहून ओक, विलो आणि इंग्लंडातल्या वसंताच्या कविता लिहिणं बंद करा. आपल्या पायाखालची माती, इथली झाडं, इथला उजेड यांची प्रतिमासृष्टी हवी, आणि ती आदिवासींकडून शिकावी लागेल. १९३८ ते १९५३ दरवर्षी त्यांचा कवितासंग्रह निघत असे. इयान मुडी, फ्लेक्समोर हडसन, विल्यम हार्ट-स्मिथ, रोलंड रॉबिन्सन ही त्यातली नावं.
यातला पहिला भाग मला आजही पटतो. ज्या मुलखात राहतो तिथला पाऊस आणि तिथलं झाड कवितेत यायलाच हवं. दुसऱ्या भागात मात्र गोची झाली. त्यांनी आदिवासी शब्द कवितेत पेरले, पण त्या शब्दांमागचे लोक त्यांच्या गटात नव्हते, सगळे कवी गोरे. गटाचं नावच मुळी ‘द व्हॅनिश्ड ट्राइब्ज’ या १९२९ च्या पुस्तकातून उचललेलं. लोप पावलेल्या जमाती! ज्यांच्याकडून शिकायचं ते संपलेच आहेत असं गृहीत धरलं, की त्यांना विचारायचा प्रश्नच उरत नाही. आणि नेमक्या त्याच दशकात टी. जी. एच. स्ट्रेलो उंटावरून मध्य ऑस्ट्रेलियात फिरून अरंडा म्हाताऱ्यांकडून गाणी लिहून घेत होता. गाणारे होते, गात होते.

खान्देशी_ठेचा
जिंडीवोरोबाक! नाव उच्चारायलाच आधी पाण्याचा घोट घ्यावा लागला. चालू द्या, मी पहिल्या रांगेत बसलोय.

मुक्तछंद
मला हा पेच समजत नाही. कवीला परवाना कशाला लागतो? ग्रीक पुराणांवर जगभर कविता झाल्या, रामायणावर इंडोनेशियात नाटकं होतात, आपण कुणाला हरकत घेतली? उलुरुवर मावळतीचा रंग बदलतो, दूरवर डिजरिडू वाजतं, आणि कवीच्या मनात काही उमटतं, तर त्याने ते गिळून टाकायचं? गोष्टी सांगितल्या गेल्या तरच जगतात. माळरान, बिनधास्त लिहा.

टॉरेन्सकाठ
मुक्तछंद, डिजरिडू हे वाद्य उत्तर किनाऱ्याकडचं, आर्नहेम लँडच्या बाजूचं. मध्य वाळवंटातल्या पारंपरिक गाण्याला ते नसतं. तिथे दोन काठ्या किंवा दोन बूमरँग एकमेकांवर आपटून ताल धरतात, हातांनी मांडीवर थाप देतात, जमिनीवर काठी आपटतात. पर्यटकांच्या दुकानांत सगळीकडे डिजरिडू असतं, त्यामुळे हा घोळ नेहमी होतो. पण नेमकं याचसाठी माळरान यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. उसनी प्रतिमा घेतली की ती दुकानातलीच हाती लागते.
रामायणाबद्दल म्हणाल तर रामकथा आपण चव्हाट्यावर गातो, कुणीही ऐकावी म्हणून. अरंडा गाण्यांचं तसं नाही. एक गाणं विशिष्ट जागेचं असतं आणि त्या जागेशी नातं असलेल्या लोकांचं असतं. काही बायकांचीच, काही पुरुषांचीच. काही तर दीक्षा झाल्याशिवाय ऐकायचीच नाहीत. उलुरुच्या पायथ्याने चालत प्रदक्षिणा घातलीत तर वाटेत पाट्या लागतात, की या भागाचे फोटो काढू नका. वर चढू नका अशी विनंती तिथले मूळ रहिवासी अनंगू लोक वर्षानुवर्षं करत होते. जमीन त्यांना २६ ऑक्टोबर १९८५ ला परत मिळाली आणि चढाई बंद झाली २६ ऑक्टोबर २०१९ ला. मध्ये ३४ वर्षं गेली. तेवढा काळ लोक विनंतीची पाटी वाचून वर चढत राहिले.

शब्दखुळी
फडताळ, स्ट्रेलोबद्दल अजून लिहा ना. त्या गाण्यांचा घाट कसा असतो?

फडताळ
लिहितो. स्ट्रेलो जन्मला १९०८ मध्ये, अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला हर्मन्सबर्गच्या ल्युथरन मिशनमध्ये. बाप जर्मन पाद्री. हा वाढला अरंडा मुलांबरोबर, त्यामुळे ती भाषा त्याच्या बालपणीचीच. १९७१ मध्ये त्याचा ‘साँग्ज ऑफ सेंट्रल ऑस्ट्रेलिया’ हा सातशेहून जास्त पानांचा ग्रंथ आला.
त्यातून कळतं ते असं. ही गाणी छोट्या छोट्या दोन ओळींच्या कडव्यांची असतात. दुसरी ओळ बहुतेकदा पहिलीचाच पुनरुच्चार असते किंवा किंचित बदलून आलेली. एकच कडवं पुन्हा पुन्हा म्हणायचं, मग पुढचं. कडव्यामागून कडवं म्हणजे पूर्वजाच्या प्रवासातल्या जागेमागून जागा. बोलताना शब्दावर जिथे आघात पडतो तिथे गाताना पडत नाही. शब्द तोडून, पुढच्याला जोडून, तालात असे बसवलेले असतात, की ती भाषा बोलणाऱ्यालाही शिकवल्याशिवाय अर्थ लागू नये. हे मुद्दाम केलेलं. गाणं ऐकू येईल, पण त्याचा अर्थ माणसाकडून माणसाला, योग्य वेळी मिळेल.
मुक्तछंद यांच्या ‘सांगितली तरच जगते’ या मुद्द्याला ही परंपरा सरळ छेद देते. इथे गोष्ट जपली गेली ती ती कुणाला सांगायची नाही हे ठरलेलं असल्यामुळेही.
आणि स्ट्रेलोचा शेवटही याच प्रश्नाशी येऊन भिडतो. म्हाताऱ्यांनी विश्वासाने दिलेल्या गोष्टी तो स्वतःच्याच समजू लागला होता. १९७८ मध्ये गुप्त विधींचे त्याचे फोटो मासिकांत छापून आले आणि मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी तो वारला. त्याचा संग्रह आता अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या स्ट्रेलो संशोधन केंद्रात आहे. त्यातलं गुप्त साहित्य वाटेल त्याला बघायला मिळत नाही, हे योग्यच.
तरीही त्याचं काम मी टाकाऊ म्हणणार नाही. त्या गाण्यांना त्याने कविता मानलं. तेव्हा बाकीचे त्यांना नमुने मानत होते.

घांगळी
बराच वेळ नुसता वाचत होतो. मी डहाणूकडचा, वारली. म्हणून थोडं आतून लिहितो.
आमच्याकडे कणसरीचं गाणं आहे. कणसरी म्हणजे धान्याची देवी. नवीन धान्य आलं की भगत घांगळी या वाद्यावर तिची कथा लावतो. लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, आणि ती गाते तेव्हाच भिंतीवरचा चौक, म्हणजे आमचं लग्नचित्र, पुरा होतो. चौक आता चहाच्या कपांवर, पडद्यांवर, विमानतळाच्या भिंतीवर दिसतो. त्याचा सगळ्यांना रागच येतो असं नाही. त्यावर आमच्यातल्या कित्येकांची घरं चालतात, आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगाने आमचं नाव घेतलं याचा अभिमान आहे. पण कपावर चौकातली पालघट देवी काढलेली पाहिली की माझी आजी तोंड फिरवायची. नाचणारी माणसं काढा, तारपा काढा, तिला चालायचं. देवी नाही.
माळरानताई, म्हणजे उत्तर ‘हो’ की ‘नाही’ असं नसतं. काय द्यायचं हे देणारे ठरवतात. आणि त्यासाठी आधी देणाऱ्यांपर्यंत जावं लागतं. पुस्तकातून मिळालेली गोष्ट कुणी दिलेली नसते.

खान्देशी_ठेचा
घांगळीभाऊ, नमस्कार करतो.
आमच्या शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता इथे आठवल्याशिवाय राहत नाही. आम्हाला कुणी स्टेजवर बोलावलंच नाही, तेच स्टेजवर बसून आमचं दुःख आम्हाला सांगत राहिले, असा तिचा आशय. फडताळ यांनी सांगितलेल्या त्या जिंडीवाल्यांना ही कविता वाचून दाखवायला हवी होती. ‘गोधड’ संग्रहात आहे. मिळवून वाचा.

कलम_बहाद्दर
कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. गालिच्यांचा खटला म्हणून ऑस्ट्रेलियात एक प्रसिद्ध निकाल आहे, १९९४ चा, फेडरल कोर्टाचा. आदिवासी चित्रकारांची चित्रं न विचारता व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून ऑस्ट्रेलियात विकली जात होती. कोर्टाने कॉपीराइटचा भंग मान्य केलाच, पण त्या चित्रकारांची त्यांच्याच समाजात झालेली मानहानी आणि सांस्कृतिक नुकसान भरपाईत धरलं. पवित्र आकृती पायाखाली तुडवली गेली याची जबाबदारी समाज त्या चित्रकारावर टाकतो, हे कोर्टाने ऐकून घेतलं.
गोष्टीवर किंवा गाण्यावर मात्र सामूहिक हक्क सांगणारा तसा सरळ कायदा नाही. कॉपीराइटला एक लेखक लागतो आणि मुदत लागते. हजारो वर्षांच्या गाण्याला दोन्ही नसतं. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या कला परिषदेने कलावंतांसाठी आचारसंहिता काढली आहे. विचारा, संमती घ्या, श्रेय द्या, मोबदला द्या. माळरान, ती वाचाच.

चांदणचकवा
थोडं अवांतर, पण राहवत नाही. वाळवंटातल्या मोठ्या गाण्यांपैकी एक सात बहिणींचं आहे. अनंगू लोक त्यांना कुंगकरंगकल्पा म्हणतात. त्यांच्या मागे एक कामुक जादूगार लागतो, वाती न्यीरू. त्या पळतात, तो रूपं बदलून पाठलाग करतो, वाटेत पाणवठे आणि गुहा तयार होतात, आणि शेवटी त्या आकाशात जातात. त्या म्हणजे आपल्या कृत्तिका. त्यांच्या मागे मृगातला तो.
आपल्याकडेही सप्तर्षींच्या सात बायकांपैकी सहा कृत्तिका झाल्या आणि अरुंधती वसिष्ठांजवळ राहिली. तिथेही मूळ भानगड परक्या बायकांवर नजर ठेवणाऱ्या अग्नीचीच. दोन्हीकडे पुरुषाची नजर आणि पळणाऱ्या बायका. अंगावर काटा येतो!
ही गोष्ट उघड सांगितलेली आहे, हे मुद्दाम नमूद करतो. आपली गाणी तुटत चालली आहेत, ती सांधायला मदत करा, असं अनंगू ज्येष्ठांनीच कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयाला साकडं घातलं, आणि त्यातून २०१७ मध्ये सात बहिणींचं मोठं प्रदर्शन झालं. काय दाखवायचं आणि काय नाही ते त्यांनी ठरवलं. घांगळी म्हणतात ते ‘देणं’ हेच.

उंटावरून
चांदणचकवा यांनी अवांतराचं दार उघडलंच आहे तर मीही आत येतो. वाळवंट आणि कविता म्हटलं की आपण फक्त गोरे आणि आदिवासी एवढीच मांडणी करतो. १८६० पासून तिथे उंट आणि उंटवाले नेले गेले. त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यात बलुची, सिंधी, पंजाबी, बरेच ब्रिटिश हिंदुस्थानातले. टेलिग्राफच्या तारा, रेल्वे, खाणी, मेंढ्यांची कुरणं, सगळ्यांचं सामान यांच्या उंटांवर. कितीतरी जणांनी आदिवासी बायकांशी संसार मांडले.
ब्रोकन हिल या खाणीच्या गावात त्यांची पत्र्याची मशीद आजही उभी आहे. तिथे एक जाडजूड पुस्तक होतं आणि लोक त्याला कुराण समजत होते. समिया खातून या इतिहासकार बाईंनी ते उघडून पाहिलं तर निघालं बंगाली काव्य. ‘कासासोल अंबिया’, पैगंबरांच्या कथा, कलकत्त्यात छापलेली पुथी, मोठ्याने म्हणायची. त्यावरून त्यांनी ‘ऑस्ट्रेलियानामा’ लिहिलं, २०१८ मध्ये. विचार करा, त्या वाळवंटात कुणीतरी संध्याकाळी पयार छंदात गात होतं. माळरान, तुमच्या मराठी कवितेला तिथे आधीच एक चुलतबहीण आहे.

खान्देशी_ठेचा
उंटावरून, नाव सार्थ केलंत. यापुढे उंटावरच्या शहाण्याला कुणी हसायचं नाही!

शब्दखुळी
एवढं सगळं झालं, पण माळरान यांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तसाच राहिला. तिथले लोक स्वतः काय लिहितात?
मी अली कॉबी एकरमन हिच्याबद्दल सांगते. यंकुनजारा या आदिवासी समाजातली कवयित्री, जन्म १९६३. तिच्या आईला लहानपणी घरापासून तोडलं होतं. हिलाही बाळ असताना दत्तक दिलं गेलं. पुढे हिने स्वतःचा मुलगा दत्तक दिला. तीन पिढ्या. आई सापडली तेव्हा ही ३४ वर्षांची होती. ‘इनसाइड माय मदर’ हा २०१५ चा संग्रह वाचला तेव्हा मला दोन दिवस दुसरं काही वाचवेना. २०१७ मध्ये तिला अमेरिकेतला विंडहॅम-कॅम्पबेल पुरस्कार मिळाला तेव्हा ती बेरोजगार होती, कॅरॅव्हॅनमध्ये राहत होती.
तिच्या कवितेतलं वाळवंट मावळतीच्या रंगांचं नाही. ते घर आहे. तिथे काकू, मावश्या आहेत, चूल आहे, दारू आहे, पोलीस आहेत, आणि जमीन आईसारखी बोलते. ‘रूबी मूनलाइट’ ही तिची पद्य-कादंबरी १८८० च्या सुमाराची. कत्तलीतून वाचलेली एक मुलगी एकटीच चालत राहते. ओळी इतक्या छोट्या, की पानावरचा पांढरा भागही वाचावा लागतो.
आणि ‘थंडर रेनिंग पॉयझन’ ही कविता. मरालिंगा ठाऊक आहे ना? दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ब्रिटिशांनी अणुस्फोट केले. १९५३ मध्ये इमू फील्डला दोन, मग १९५६-५७ मध्ये मरालिंगाला सात. इमू फील्डच्या स्फोटानंतर काळं धुकं आलं. तेव्हा लहान असलेले यंकुनजारा समाजाचे यामी लेस्टर पुढे आंधळे झाले. १९८५ मध्ये उलुरु परत दिलं गेलं त्या समारंभात भाषणांचा दुभाषा तेच होते. योनी स्कार्स या काचेत काम करणाऱ्या कलावतीने काचेचे सुमारे २००० कंद फुंकून छताला टांगले, स्फोटाच्या ढगासारखे, त्यावरची ही कविता.
त्या वाळवंटाला रिकामं समजून बॉम्ब टाकले गेले. कवीने पुन्हा त्याला रिकामं समजू नये, इतकंच मला वाटतं.

मुक्तछंद
शब्दखुळी, हे मला अजिबात माहीत नव्हतं. माझा मूळ आग्रह सोडत नाही. भीतीने कविता बांधली गेली तर ती मरते आणि आचारसंहिता वाचून कुणी कविता लिहीत नाही. पण एकरमन यांची कविता वाचतो.

टॉरेन्सकाठ
मुक्तछंद, बंधनातून कविता मरतेच असं नाही. मध्य ऑस्ट्रेलियात माणूस गेला की बराच काळ त्याचं नाव घेत नाहीत. त्याच नावाच्या जिवंत माणसालाही पर्यायी नावाने हाक मारतात. आता विलापिका लिहायची आणि नाव घ्यायचं नाही. तुम्ही करून बघा. मी बघितलं, माझ्या मामांवर. त्यांचे हात, त्यांची सायकल, त्यांचं अंगण एवढंच उरलं, आणि नाव घालून लिहिलेल्या आधीच्या कवितेपेक्षा ते कितीतरी बरं उतरलं.

माळरान
सगळ्यांची मनापासून आभारी आहे. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक कच्ची कविता टाकते. यात कुणाचीही गोष्ट घेतलेली नाही, जे पाहिलं तेवढंच. मोकळेपणाने सांगा.

फिंकचं पात्र

नदी म्हणून दाखवली ती वाळू होती.
रस्त्याच्या कडेला पुराची खूणकाठी,
तिच्यावरचे आकडे माझ्या डोक्याच्या वर.
काठाने पांढरी झाडं,
मुळं कुठवर गेलीत त्यांनाच ठाऊक.
एक बाई वाळू उकरत होती हाताने,
कोपरापर्यंत.
खाली ओल लागली तशी हसली,
ओंजळभर प्याली,
आणि वाळू लोटून पुन्हा बुजवलं तिने.
मी काही विचारलं नाही.

फडताळ
पहिल्या तीन ओळी पक्क्या. आकडा डोक्याच्या वर, हे एका फटक्यात पूर दाखवतं. झाडांच्या मुळांची ओळ सैल आहे, कुठल्याही झाडाबद्दल लिहिता येईल.

घांगळी
शेवटची ओळ काढा ताई. ‘मी काही विचारलं नाही’ म्हटलं की कविता त्या बाईकडून तुमच्या चांगुलपणाकडे वळते.

टॉरेन्सकाठ
घांगळींना अनुमोदन. आणि एक माहिती. ते बुजवणं गूढ नाही. वाळूतलं पाणी झाकून ठेवतात ते उन्हाने आटू नये आणि जनावरांनी घाण करू नये म्हणून. आता तर रानटी झालेले उंट पाणवठ्यांची फार नासाडी करतात. उंटावरून यांनी सांगितलेल्या त्याच उंटांचे वंशज. ती बाई पुढच्या माणसासाठी पाणी राखत होती.

खान्देशी_ठेचा
अहो, मग हा तर आमचा झिरा! उन्हाळ्यात गिरणेचं पात्र कोरडं पडलं की बाया वाळूत झिरा खणायच्या आणि वाटीवाटीने हंडा भरायच्या. घरी निघताना वर काटेरी फांदी टाकायच्या, गुरांनी तोंड घालू नये म्हणून. माझ्या मावशीने टाकलेल्या फांदीला हात लावायची गावात कुणाची टाप नव्हती. माळरानताई, झिरा लिहा. तो तुमचाच आहे, त्याला कुणाची परवानगी नको.

माळरान
लिहिते. शेवटची ओळ गेली, मुळांची ओळही गेली, आणि त्या जागी ती वाळू का लोटते ते येईल. झिरा घालून सुधारलेला खर्डा रविवारी इथेच टाकते. शब्दखुळी, ‘रूबी मूनलाइट’ इथल्या ग्रंथालयात आहे, आजच राखून ठेवायला सांगितलं. घांगळी, कणसरीच्या गाण्याबद्दल जेवढं सांगण्यासारखं असेल तेवढं वेगळ्या धाग्यात लिहाल का?

घांगळी
भाताची कापणी होऊ द्या. तेव्हा लिहितो.